कुत्र्यासाठी स्वेटर विणताय? आधी या चुका टाळा

थंडी पडली की कपाटाच्या वरच्या खणातून लोकरीची पिशवी खाली येते, आणि ज्यांनी आजवर एक मफलर पुरा केलेला नसतो त्यांनाही एकदम कुत्र्यासाठी स्वेटर विणायची हुक्की येते. हुक्की चांगलीच आहे. स्वेटर लहान असतो, लोकर थोडी लागते आणि घालणारा रंगावरून नाक मुरडत नाही. पण त्याच त्या चुका दर हिवाळ्यात निस्तरायला माझ्याकडे येतात आणि तेच तेच सांगून आता तोंड दुखायला लागलंय. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

विणकाम सोफ्यावर ठेवून उठणं

बाकीच्या चुकांत स्वेटर वाया जातो. या चुकीत कुत्रा जाऊ शकतो, म्हणून ही पहिली.

"अहो, आमचा नाही खात लोकर." हे मला सगळेच सांगतात. खात नसेल, खेळतो तर ना? पंजात धरतो, दातांनी उलगडतो, आणि धागा एकदा जिभेच्या मागे गेला की तो थुंकून टाकणं कुत्र्याला जमत नाही. तो गिळतच राहतो. मीटर-दोन मीटर लोकर कधी आत गेली, कळतही नाही.

ओळखीतल्या एका बाईंकडे वर्षभराचं पिल्लू होतं. दाराची बेल वाजली म्हणून बाई विणकाम तसंच टाकून उठल्या. परत येऊन बघतात तर लोकरीचा गुंडा सोफ्याखाली, सुई दिवाणाखाली आणि निम्मी लोकर गायब. "पडेल बाहेर आपोआप" म्हणून गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी पिल्लाने दोनदा ओकारी काढली, खाण्याकडे ढुंकून पाहिलं नाही, पाठ वाकवून कोपऱ्यात बसून राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बाजूला निळी लोकर दिसली. बाईंना हायसं वाटलं! रुमालात धरून त्यांनी ती ओढली. पिल्लू किंचाळलं तेव्हा थांबल्या आणि मग मला फोन केला. मी एवढंच म्हटलं, हात लावू नका, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. ऑपरेशन झालं, आतडं एकाहून जास्त ठिकाणी उघडावं लागलं. पिल्लू वाचलं. महिन्याभराने त्याच बाई मला विचारत होत्या की पिवळ्या रंगात कोणती लोकर घेऊ.

आत होतं काय, ते समजून घ्या, म्हणजे ओढायचा मोह होणार नाही. धाग्याचं एक टोक पोटात, बहुतेकदा जठर जिथे आतड्यात उघडतं त्या तोंडाशी, अडकतं आणि बाकीचा धागा पुढे आतड्यात उतरतो. आतडं आपल्या सवयीने त्याला पुढे ढकलू बघतं. धागा हलत नाही, म्हणून आतडंच त्याच्यावर चढत जातं. नाडी ओढली की पायजम्याच्या नेफ्याला चुण्या पडतात, तशा आतड्याला पडतात. ताणलेला धागा मग आतून आतडं कापत जातो. बाहेरून तुम्ही ओढलंत की हे कापणं तुमच्या हातून होतं. तोंडातून लोंबत असेल तरी तेच: ओढायचा नाही. तेल पाजायचं नाही, घरच्या उपायांनी उलटी करवायची नाही. आणि "एक्स-रेत काही दिसलं नाही" यावर निर्धास्त होऊ नका. सुई एक्स-रेत चटकन दिसते, लोकर तशी दिसत नाही. किती गेली, कोणत्या जाडीची, कधी गेली, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. उरलेला गुंडा बरोबर न्या. लक्षणं कधी काही तासांत दिसतात, कधी दोन-तीन दिवस काहीच नाही, तेव्हा लक्षणांची वाट बघत बसू नका.

माझी सवय अशी आहे: घट्ट झाकणाचा डबा, झाकणाला एक भोक, धागा त्यातून बाहेर. बेल वाजो, फोन वाजो, सुयांसकट विणकाम डब्यात आणि झाकण बंद. उघड्या तोंडाची सुंदर टोपली फोटोसाठी ठीक आहे, कुत्र्याच्या घरात नाही. कापलेली टोकं थेट खिशात. शिवायची बोथट सुई धाग्यासकट कुठे खोचून ठेवली तर धाग्याच्या ओढीने सुईही पोटात जाते, म्हणून धागा काढल्याशिवाय ती ठेवायची नाही. आणि उरलेल्या लोकरीचा गुंडा पिल्लाला खेळायला देणाऱ्यांना तर मी काय बोलू! आधी तुम्हीच शिकवता की हे खेळणं आहे, मग तेच उचललं म्हणून ओरडता.

जातीवरून माप धरणं

"लॅब्रॅडॉरसाठी किती टाके घालू?" या प्रश्नाला उत्तर नाही. तुमच्या लॅब्रॅडॉरची छाती सांगा. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांच्या छातीत दहा-दहा सेंटिमीटरचा फरक असतो, आणि गावठी कुत्र्याला तर कुठल्याच तक्त्यात जागा नसते.

कुत्रा उभा असताना टेप धरा. बसलेल्या कुत्र्याची पाठ वेगळं माप देते, आणि तो खाली बसला रे बसला की लोक मापाला लागतात. पाठीची लांबी मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथे सगळ्यात जास्त भरेल तिथे. मानेचा घेर जिथे पट्टा बसतो तिथे. चौथं माप बहुतेक जण घेतच नाहीत: पुढच्या दोन पायांमधलं, छातीवरचं अंतर. पायांची भोकं त्यावर ठरतात. भोकं एकमेकांपासून फार लांब पडली की स्वेटर काखेत कापतो, कुत्रा दोन पावलं टाकून थबकतो आणि तुम्ही म्हणता, "लाजतोय!"

नर कुत्रा असेल तर पोटाखालची बाजू पाठीपेक्षा बरीच आखूड ठेवा. नाही ठेवलीत तर काय होतं ते पहिल्याच फेरफटक्यात कळेल.

नमुन्याचा तुकडा न विणणं

इथे माझा पारा चढतो. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा एक तुकडा विणायला कितीसा वेळ लागतो? पण नाही, व्हिडिओतल्या बाईने १२० टाके घातले म्हणून आपणही १२०. तिचे दहा सेंटिमीटरमध्ये २० टाके बसतात, म्हणून तिचा घेर होतो ६० सेंटिमीटर. तुमचा हात घट्ट, तुमचे बसतात २२. तेच १२० टाके तुमच्याकडे साडेचौपन्न सेंटिमीटर होतात. दोनच टाक्यांचा फरक, आणि कुत्र्याला श्वास घ्यायला साडेपाच सेंटिमीटर कमी. मग "स्वेटर आटला का हो?" आटला नाही, पहिल्या ओळीपासून लहानच होता.

तुकडा विणा, धुवा, सपाट वाळवा आणि मगच मोजा, कारण धुतल्यावर लोकर आपला खरा आकार घेते. मी छातीच्या मापात तीन ते पाच सेंटिमीटर सैल सोडते. पूर्ण झाल्यावर कडेखाली दोन बोटं आरामात सरकली पाहिजेत.

"एका दुपारी स्वेटर" या नादात दोरखंडासारखी जाड लोकर आणि त्याहून जाड सुया घेण्याचा मार्गही आहे. होतो खरा दुपारी. मग मोठ्या मोठ्या भोकांत कुत्र्याची नखं अडकतात, आणि पुढची दुपार नख सोडवण्यात जाते. घट्ट, साधा विणलेला स्वेटर आठवडाभर घेतो. घेऊ द्या की.

डोकंच आत जात नाही, स्वेटर वर सरकतो, टाका निसटला

डोकं जात नाही याचं कारण सहसा माप नसतं, गळ्याचे टाके घट्ट बंद केलेले असतात. कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा मोठं असतं आणि गळा त्यावरून ताणून जायचा असतो. चार मिलिमीटरच्या सुईवर विणलं असेल तर टाके बंद करताना पाचची सुई घ्या. आधीच बंद केले असतील तर फक्त तेवढी ओळ उसवा. अख्खा गळा कापायला कात्री शोधू नका.

स्वेटर मागून सरकत सरकत मानेत गोळा होतो तो छातीवर घट्ट असल्यामुळे. आवळलेलं विणकाम अरुंद जागेकडे पळतं. छाती खोल आणि कंबर बारीक असलेल्या कुत्र्यांना बरगड्या संपल्यावर टाके कमी करत जावे लागतात, नाहीतर मागचा भाग नुसता लोंबतो.

निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणता येतो. चार ओळी खाली गेला असेल तरी येतो. त्यासाठी सगळं उसवणाऱ्यांना माझा नमस्कार.

स्वेटर हवाच, असं धरून चालणं

हस्की, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांच्या अंगावर मऊ आणि राठ असे केसांचे दोन थर असतात. घरात त्यांना स्वेटर घालणं म्हणजे धापा टाकायला लावणं. गरज असते ती आखूड केसांच्या, सडपातळ कुत्र्यांना, पिल्लांना, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना. कुत्र्याचं साधं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच, त्यामुळे "अंग गरम लागतंय" हा पुरावा नाही. थरथरतोय का, अंग चोरून बसतोय का, ते बघा.

आणि अंगात घातल्यावर पुतळ्यासारखा उभा राहिला, कान मागे, शेपूट खाली, सारखे ओठ चाटतोय, तर तो शहाण्यासारखा उभा नाही. तो घाबरलाय. फोटो नंतर. आधी नुसता गळा घालून काढा, शाबासकी द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. घाई करणाऱ्यांची कुत्री स्वेटर बघितला की पलंगाखाली जातात, आणि त्यात दोष कुत्र्याचा नसतो.

रात्री आणि घरात कोणी नसताना स्वेटर काढायचा. भिजला तर लगेच काढायचा. रोज एकदा काढून काखेत आणि मानेखाली बोटं फिरवा, कारण लांब केसांच्या गाठी तिथेच बसतात.

बटणं, मणी, टिकल्या, गोंडे: नको. यातलं एकही टिकत नाही, सगळं चघळलं जातं.

गरम पाण्यात धुणं

लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं हे तिन्ही एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटरचा नमदा, म्हणजे आटलेला जाड घट्ट गोळा, होतो. तो पुन्हा मोठा होत नाही, कितीही ओढा. कोमट-गार पाण्यात बुडवा, दाबा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा, सपाट वाळवा. रोजच्या वापराला मी मशीनमध्ये चालणारी प्रक्रिया केलेली लोकर घेते. अॅक्रिलिक स्वस्त आणि धुवायला सोपं, पण आगीजवळ ते वितळून कातडीला चिकटतं, म्हणून शेकोटीला किंवा हीटरला चिकटून झोपणाऱ्या कुत्र्याला ते घालू नका. तसाही हीटर कुत्र्यापासून आणि लोकरीपासून किमान एक मीटर लांब हवा.

कुत्र्याच्याच केसांचं सूत

हे दर वर्षी कोणीतरी विचारतं. होतं, आणि चांगलं उबदार होतं. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे कोस्ट सेलिश लोक खास लोकरीसाठी कुत्री पाळत आणि त्यांच्या केसांची ब्लँकेटं विणत. 'मटन' नावाच्या अशा एका कुत्र्याचं १८५९ सालचं कातडं अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण ते लोकही त्यात डोंगरी बकऱ्याचे केस मिसळायचे. कुत्र्याच्या केसांना लवचीकपणा नसतो, नुसत्या केसांचं विणकाम लोंबतं. मेंढीची लोकर मिसळा, विंचरून निघालेले आतले मऊ केसच घ्या, राठ केस फेकून द्या. ज्यांना अजून सुलट टाका सरळ येत नाही त्यांनी इकडे इतक्यात वळू नये.

उरलेलं

विणकामाबरोबर घरात इतर हस्तकलाही चालते, तिथेही जपा. मिठाच्या कणकेचे शोभेचे आकार करत असाल तर ते कुत्र्याच्या तोंडाला लागता कामा नयेत. त्यातलं मीठ विषबाधा करायला पुरतं. पॉलियुरेथेन प्रकारचा लाकडाचा गोंद पोटात गेला की फुगतो, घट्ट होतो आणि तोही ऑपरेशननेच निघतो. खेळण्यात भरायचा कापूस खणात. हिवाळा संपल्यावर स्वेटर ठेवताना डांबराच्या गोळ्या घालू नका, नॅफ्थलीन कुत्र्यांना विषारी आहे आणि पुढच्या वर्षी तोच वास त्याच्या अंगावर चढवणार आहात. धुऊन पूर्ण वाळवा, झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, आणि पिशवीवर छातीचं माप लिहून ठेवा. पिल्लू असेल तर ते माप पुढच्या थंडीत चुकीचंच असेल. पुन्हा टेप धरावा लागेल.