तोड्याच्या आधीची ढोलकी

ढोलकी शिकायला येणारा जवळपास प्रत्येक पोरगा पहिल्याच दिवशी तोडा, म्हणजे एकट्या ढोलकीचा जोरकस तुकडा, मागतो. मोबाइलवर दिसतो तो तोडाच, त्याला बिचाऱ्याला काय बोलणार! पण माझी उमर आधी तमाशाच्या फडात आणि नंतर लावणीच्या कार्यक्रमांत गेली, त्यावरून सांगतो: वादकाचा कस लागतो तो गाणारीचा शब्द चालू असताना. तोड्याला टाळ्या पडतात. पुढच्या हंगामाचं बोलावणं येतं ते शब्दाखाली कसं वाजवलं यावर.

अंतरा चालू असेल तेव्हा शाईवरची, म्हणजे ढोलकीच्या उंच आवाजाच्या पुडीवरची, बोटं हलकी ठेवायची. धुमेचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, घुमारा समेपुरता, तालाच्या पहिल्या मात्रेवर. ओळ संपून मुखडा परत आला की मग हात मोकळा सोडा. त्या वेळी नजर नाचणारीच्या पायांवर हवी. स्वतःच्या हाताकडे बघत वाजवणारा घुंगरांच्या मागे पडलाच म्हणून समजा.

हे क्लासमध्ये येत नाही. माझ्या हातात आधी तुणतुणं आलं, सुरत्यांच्या, म्हणजे मागून सूर धरणाऱ्यांच्या, रांगेत उभं राहून ‘जी जी’ ओढली, मग हलगी. ढोलकीला हात लावायला मिळेपर्यंत गण, गवळण, विनोदी बतावणी आणि वग म्हणजे कथानाट्य, हा रात्रीचा सगळा क्रम कानात बसला होता. वगात तर ढोलकीवाल्याला संवादसुद्धा पाठ लागतात. राजा दरबारात शिरला आणि थाप चुकली की प्रसंग गेला. तेव्हा कुणी झांज धरायला बोलावलं तर नाक मुरडू नका, जा. पोवाड्याच्या साथीलाही जा. शाहीर रंगात आला की लय मध्येच चढवतो आणि ती आधी त्याच्या श्वासात कळते.

रियाज केरवा, दादरा आणि धुमाळी या तालांचाच, तोही ठायीत म्हणजे संथ लयीत. कंटाळा येतो. येऊ द्या.

वाद्याचं म्हणाल तर मला दोरीच्या ढोलकीचा नाद प्यारा, पण नवख्यानं नटबोल्टचीच घ्यावी. लावणी गाणाऱ्या बायका काळी चार, काळी पाचला, म्हणजे उंच पट्टीत गातात, आणि गाणारी बदलली की शाई तिच्या सुराला लावावी लागते. पाना असला की हे काम झटक्यात होतं. दमट हवेत कातडं उतरतं. हलगी आणि डफ शेकोटीवर शेकून चढवतात. ते बघून शाईची पुडी आगीजवळ नेऊ नका, शाई तडकते. ढोलकी फडात उभ्यानं, कमरेला बांधून वाजवायची असते, त्यामुळे रियाजही उभ्यानं करा. संगीत बारीत, म्हणजे लावणीच्या बैठकीच्या कार्यक्रमात, बसून वाजवतात, तिथलं तंत्र आणखी नाजूक.

आता पोटाचं. फड दसऱ्याच्या सुमाराला बाहेर पडतात, पण खरी सुगी चैत्र-वैशाखातल्या जत्रांची. गुढीपाडव्याच्या आसपास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक येऊन सुपारी ठरवतात. पावसाळ्यात काम नसतं. तेव्हा मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि हंगामभर फेडायची, ही रीत जुनी आहे. उचल घ्यावीच लागली तर आकडा वहीत लिहून त्यावर सही घ्या, आणि लग्न-बारशासाठी उचल वाढवू नका. ती दुसऱ्या हंगामात जाते आणि फड बदलायचा म्हटलं तरी पाय निघत नाही. पावसाळ्यापुरता दुसरा धंदा हाताशी ठेवण्यात कमीपणा नाही. मी शेतात राबलो.

शिकलेल्या मुलांना मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीचा रस्ता आहे. तिथे जरूर जा, फक्त सुट्टीत जत्रेत वाजवायचं सोडू नका.

आणि कागद सांभाळा. राज्य सरकारचं ज्येष्ठ कलाकारांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं मानधन आहे, २०२४ पासून ते महिन्याला ५,००० रुपये झालं. अर्ज करताना इतकी वर्षं वाजवल्याचे पुरावे मागतात. नाव छापलेलं हँडबिल, कार्यक्रमाचा फोटो, मंडळाचं पत्र, जे मिळेल ते तारखेसकट पहिल्या वर्षापासून एका पिशवीत घालत जा. फड बंद पडला की दाखला द्यायला मालकही सापडत नाही.