यूडीपी सर्व्हरवर प्रत्येक क्लायंट वेगळा कसा सांभाळायचा

टीसीपीमध्ये ॲक्सेप्ट() केलं की क्लायंटचं वेगळं सॉकेट आयतं हातात पडतं. यूडीपीत हे लाड नाहीत. सॉकेट एकच, सगळ्यांची पॅकेट्स त्यातच येणार, कुठलं कोणाचं ते आपण निवडायचं. लिनक्सवर मी हे कसं करतो ते सांगतो. सॉकेट उघडून पोर्टला बाइंड करणं तुम्हाला येतं असं धरतो.

१. रिसीव्हफ्रॉम()ने पॅकेट घ्या. पाठवणाऱ्याचा आयपी आणि पोर्ट सोबतच मिळतो. बफर लहान पडला तर उरलेले बाइट गुपचूप गळतात.

२. आयपी आणि पोर्ट मिळून किल्ली करा आणि हॅश टेबलात शोधा. नुसता आयपी चालत नाही. एका राउटरमागचे सगळे मोबाइल एकाच आयपीवरून येतात.

३. पत्ता नवा असेल तर लगेच नोंद करू नका. यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. त्या पत्त्यावरून आणि आपल्याकडच्या गुप्त किल्लीवरून काढलेली कुकी, म्हणजे पडताळणीची छोटी खूण, पाठवा, ती परत आली तरच मेमरी खर्च करा. हे उत्तर आलेल्या पॅकेटपेक्षा मोठं नको, नाहीतर तुमचाच सर्व्हर तिसऱ्यावर मारा करायला वापरतील.

४. इथवर आलात की कोणीतरी सांगतं, ‘प्रत्येक क्लायंटला वेगळं सॉकेट दे, यूडीपीलाही कनेक्ट() चालतं.’ चालतं, खरं आहे. रीयूज-पोर्ट (एकाच पोर्टला अनेक सॉकेट्स बाइंड करू देणारा पर्याय) लावून त्याच पोर्टला दुसरं सॉकेट बाइंड करायचं, क्लायंटच्या पत्त्याला कनेक्ट करायचं, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या क्लायंटची पॅकेट्स तिकडे वळवतो. सल्ला देणारे इथेच थांबतात. मीही थांबलो होतो.

गाड्यांवरच्या जीपीएस यंत्रांचा सर्व्हर होता. टेबलावर दोन यंत्रं ठेवून दिवसभर तपासलं, एक चूक नाही. खऱ्या गाड्या जोडल्यावर मात्र सकाळी सहाला नाशिकची गाडी नकाशावर सोलापुरात! साडेसहापर्यंत सगळं सुरळीत. तीन दिवस मी यंत्रांनाच शिव्या देत होतो.

घोळ बाइंड आणि कनेक्ट यांच्या मधल्या क्षणाचा होता. बाइंड झालेलं पण अजून कनेक्ट न झालेलं सॉकेट कर्नलला मुख्य सॉकेटसारखंच दिसतं, त्यामुळे तो इतरांची पॅकेट्सही त्यात टाकतो. नंतर कनेक्ट केलं तरी रांगेत आधीच शिरलेली परकी पॅकेट्स जात नाहीत. सकाळी सगळ्या गाड्या एकदम सुरू होत, म्हणून तेव्हाच गोंधळ. आणि मी वाचत होतो रिसीव्ह()ने, जे पत्ता सांगतच नाही. क्रम उलटा करूनही सुटका नाही: आधी कनेक्ट केलं तर कर्नल भलताच पोर्ट देतो आणि नंतरचा बाइंड नापास होतो.

म्हणून वेगळं सॉकेट हवंच असेल तर त्यावरही रिसीव्हफ्रॉम()च वापरा आणि प्रत्येक पॅकेटचा पत्ता ताडून पाहा. परकं निघालं तर फेकू नका, मुख्य वाटप करणाऱ्या कोडकडे द्या; ते दुसऱ्या क्लायंटचं पहिलं पॅकेट असू शकतं. त्याच क्लायंटची काही पॅकेट्स मुख्य सॉकेटच्या रांगेतही अडकलेली असतात, तेव्हा टेबल काढून टाकता येत नाही ते नाहीच. मग वेगळ्या सॉकेटने मिळवलं काय? क्लायंटचा पोर्ट बंद असल्याची चूक थेट त्या सॉकेटवर मिळते, एवढा एक फायदा. मी आता एकच सॉकेट आणि टेबल ठेवतो. एक सॉकेट पुरत नसेल तर सुरुवातीलाच प्रोसेसरच्या कोअरइतकी सॉकेट्स रीयूज-पोर्टने उघडतो, चालत्या सर्व्हरवर नवीन जोडत नाही.

५. यूडीपीत निरोप घेणं नसतं, म्हणून नोंदीवर शेवटच्या पॅकेटची वेळ ठेवा आणि जुन्या नोंदी झाडा. क्लायंटच्या बाजूचा लिनक्सचा राउटर एकतर्फी यूडीपीची स्वतःकडची नोंद साधारण ३० सेकंदांत विसरतो आणि मग आपली पॅकेट्स क्लायंटकडे पोचवत नाही, त्यामुळे क्लायंटने दर २५ सेकंदांनी एखादं छोटं पॅकेट पाठवावं.

६. एवढं करूनही मोबाइल वायफायवरून डेटावर गेला की आयपी, पोर्ट दोन्ही बदलतात आणि जुना गडी नवा दिसतो. पॅकेटमध्येच स्वतःचा जोडणी क्रमांक घाला. २०२१ साली प्रमाण झालेला क्विक हा यूडीपीवरचा प्रोटोकॉल हेच करतो. ओळखीचा क्रमांक अनोळखी पत्त्यावरून आला, तर पायरी ३ मधली कुकी पुन्हा मागा आणि ती आल्यावरच नोंदीतला पत्ता बदला.