एएच्या मीटिंगला पहिल्यांदा जाताना

दारू सुटावी म्हणून एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग शोधत असाल तर निघण्याआधी फोन करा. या मीटिंग बहुधा शाळेनं नाहीतर चर्चनं वापरायला दिलेल्या खोलीत भरतात. जागा-वेळ बदलू शकते. पत्ता मिळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, किंवा कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात विचारा. मीटिंग ओपन की क्लोज्ड, तेही विचारून घ्या. ओपनला बायको, भाऊ सोबत चालतात. क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय त्यांच्यासाठी.

कोल्हापुरात खरी अडचण वेगळीच. ‘पेठेतलं कोण दिसलं तर?’ दिसलं तर तोही त्याच कामाला आलाय की! तरीही संकोच वाटला तर मंगळवार पेठेतल्यानं खुशाल गावाच्या दुसऱ्या टोकाची मीटिंग धरावी. पहिलं नाव सांगितलं की बास. बोलायचं नसेल तर ‘आज नुसतं ऐकतो’ म्हणा, कोणी आग्रह करत नाही. फी नाही. वर्गणीची पिशवी फिरते, पण नवख्यानं काही टाकलं नाही तरी चालतं.

रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र एकदम बंद करण्याआधी डॉक्टर गाठावा. हात थरथरणं, फिट येणं याला औषधच लागतं.