लाइव्ह डेटा चार्टवर दाखवताय? या चुका टाळा

चार्टने एरर दिली तर निदान बिघाड कळतो तरी. रेष सुरळीत सरकत असते आणि आकडे चुकीचे असतात, तेव्हा मात्र कुणाला शंकाही येत नाही. कारखान्यात त्याच स्क्रीनकडे बघून भट्टी चालू ठेवायची की नाही ते ठरतं, म्हणून अशा मुक्या चुकांकडे आधी बघू.

सर्रास दिसणारी चूक म्हणजे नलच्या (किंमतच नाही अशा नोंदीच्या) जागी शून्य. सेन्सरचं कनेक्शन दोन मिनिटं तुटलं, टेबलात नल आले आणि चार्ट बिघडू नये म्हणून डेटाबेसकडून डेटा मागणाऱ्या क्वेरीत ‘आयएसनल’ लावून शून्य भरलं. आता ८५० अंशांवरची रेष थेट तळाला जाऊन परत वर येते. त्यापायी वाय-अक्ष शून्यापर्यंत ताणला जातो आणि ८४० ते ८६० मधला खराखुरा चढउतार सपाट दिसतो. सरासरी काढत असाल तर तीही बिघडते, कारण एसक्यूएलचं ‘एव्हीजी’ नल आपणहून वगळतं, शून्य वगळत नाही. नल नलच राहू द्या. चार्ट जेएस ही ब्राउझरमधली चार्ट लायब्ररी अशा ठिकाणी रेष तोडते आणि ते योग्यच आहे. ‘स्पॅनगॅप्स’ हा पर्याय लावून ती जोडू नका. एक मेख मात्र लक्षात ठेवा: टेबलात त्या वेळेची ओळच नसेल, तर आधीचा आणि नंतरचा बिंदू सरळ जोडले जातात. तिथे नलचा बिंदू आपणच घालावा लागतो.

दुसरी चूक वेळेची, आणि भारतात ती ओळखणं सोपं आहे. चार्ट बरोबर साडेपाच तास मागे दिसत असेल, तर शोधाशोध नको. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवलेली आहे, पण एसक्यूएल सर्व्हरच्या ‘डेटटाइम’मध्ये टाइमझोन नसतो. त्यामुळे ब्राउझरकडे जाणाऱ्या जेसन मजकुरात यूटीसी दाखवणारा शेवटचा ‘झेड’ येत नाही आणि ब्राउझर ती वेळ स्थानिक समजतो. सर्व्हरवर वाचतानाच ती यूटीसी असल्याचं नमूद करा किंवा कॉलमच ‘डेटटाइमऑफसेट’ करा. उलटा प्रकारही होतो. ‘२०२५-०६-०१’ अशी नुसती तारीख जावास्क्रिप्टच्या ‘डेट’ला दिली की ती यूटीसी धरली जाते, म्हणून आपल्याकडे रोजचा बिंदू पहाटे ५:३० वर बसतो. न्यू जर्सीतल्या ग्राहकाला तोच बिंदू आदल्या दिवशी दिसतो. क्लायंटवर साडेपाच तास हाताने मिळवणं हा उपाय नव्हे.

रेष मागेपुढे धावून जाळं विणत असेल तर क्वेरीत वेळेनुसार क्रम लावणारं ‘ऑर्डर बाय’ लिहायचं राहिलंय.

डेस्कटॉपवर तक्रार बहुधा ‘चार्ट अपडेटच होत नाही’ अशी असते. विंडोज फॉर्म्समधल्या मायक्रोसॉफ्टच्या चार्ट कंट्रोलला डेटा बाइंड केला (जोडला) की त्या क्षणीच्या किमतींची नक्कल होते. नंतर डेटाटेबल बदललं तरी चार्टला पत्ता नसतो, बाइंड पुन्हा करावं लागतं. डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवर स्क्रीन बनवायच्या दुसऱ्या तंत्रात) साधी ‘लिस्ट’ दिली तर हेच होतं. तिथे बदल कळवणारं ‘ऑब्झर्व्हेबलकलेक्शन’ हवं. नवे बिंदू बॅकग्राउंड थ्रेडवरून घालत असाल तर फॉर्म्समध्ये ‘बिगिनइन्व्होक’ने, डब्ल्यूपीएफमध्ये ‘डिस्पॅचर’ने स्क्रीन सांभाळणाऱ्या यूआय थ्रेडवर या. क्रॉस-थ्रेडची तपासणी बंद करून एरर दाबू नका, कारण मग कंट्रोल कधीही आणि कुठेही कोसळू शकतं.

‘एसक्यूएलडिपेंडन्सी’ (डेटा बदलला की सूचना देणारी डॉटनेटमधली सोय) वापरणाऱ्यांचा चार्ट पहिला बदल दाखवतो आणि गप्प होतो. ती सूचना एकदाच येते. प्रत्येक वेळी नव्याने नोंदणी करून क्वेरी परत चालवावी लागते. बदल न होताच लगेच सूचना येत असेल तर क्वेरी तपासा: ‘सिलेक्ट स्टार’ चालत नाही आणि टेबलाचं नाव ‘डीबीओ’ या स्कीमाच्या नावासकट लिहावं लागतं.

पोलिंग करत असाल, म्हणजे थोड्याथोड्या वेळाने डेटा परत मागत असाल, तर ठरावीक अंतराने चालणारं ‘सेटइंटरव्हल’ टाळा. क्वेरी रेंगाळली की मागण्या एकावर एक चढतात आणि जुनं उत्तर नव्यानंतर येतं. उत्तर आल्यावरच ‘सेटटाइमआउट’ने पुढची मागणी लावा, आणि शेवटच्या आयडीनंतरच्याच ओळी मागा.

दर सेकंदाला एक नोंद म्हणजे दिवसाला ८६,४०० बिंदू. हजार पिक्सेलच्या चार्टवर ते मावणार नाहीत, म्हणून डेटाबेसमध्येच मिनिटागणिक गट करा. फक्त सरासरी मात्र पाठवू नका. तीन सेकंदांसाठी ९२० वर गेलेलं तापमान मिनिटाच्या सरासरीत विरघळून जातं. किमान आणि कमाल दोन्ही पाठवा आणि त्यांच्यामधला पट्टा भरून दाखवा.