बिअर प्यायच्या आधी बघायची कशी? ५० पैकी ३ मार्कांचा हिशोब

आधीच सांगतो, आपल्याकडं लायसन्सशिवाय घरी बिअर बनवणं बेकायदेशीर आहे, त्यामुळं सोलापुरात कुणी बादल्या मांडून बसू नका बे. पण आपली बरीच पोरं अमेरिकेत आहेत, तिकडं १९७८ च्या केंद्रीय कायद्यानं घरापुरत्या बिअरला मोकळीक मिळाली, नि त्यातली काही स्पर्धेत बाटल्या पाठवतात आणि मग ग्रुपवर फोटो टाकून विचारतात, कशी दिसतीय? तर हे त्यांच्यासाठी. बघायची प्रॅक्टिस दुकानातल्या बिअरवर इथं बसूनपण होते.

बीजेसीपी म्हणजे बिअरचे जज तयार करणारी अमेरिकेतली संस्था, तिच्या मार्कांच्या शीटवर वासाला १२, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, एकूण मताला १० आणि दिसण्याला फक्त ३. रंग, क्लॅरिटी (किती नितळ आहे ते), फेस, ढोबळमानानं प्रत्येकी एक धरा.

ओतल्या ओतल्या एक वास घ्या, तो उडून जातो, आणि लगेच फेसाकडं बघा कारण तोपण थांबत नाही. किती उंच आला, बुडबुडे बारीक की मोठे, रंग पांढरा का तपकिरी, मिनिटभरानं किती उरला. फेस धरून ठेवतात माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) प्रोटीन्स आणि हॉप्स या फुलांचा कडूपणा, आणि त्याचा वैरी म्हणजे तेल. शेंगा चटणी खाल्लेल्या ओठांनी घोट घेतला की फेस बसलाच म्हणून समजा, त्यात बिचाऱ्या बिअरचा काय दोष! ग्लासात साबण राहिला तरी तेच. आणि ग्लास टॉवेलनं आतून पुसू नका, आपला सोलापुरी असला तरी, धागे चिकटतात नि त्यावर बुडबुडे धरतात. पालथा घालून वाळू द्या.

क्लॅरिटी बघताना पांढरा कागद मागं धरा. मे महिन्यात थंड ग्लासाला बाहेरून घाम येतो आणि बिअर उगाच गढूळ वाटते, आधी तो पुसा. खरंच गढूळ असेल तर थोडी गरम होऊ द्या, निवळली तर ती चिल हेझ, म्हणजे थंडीत प्रोटीन नि पॉलिफेनॉल (माल्ट-हॉप्समधले तुरट घटक) एकत्र येऊन झालेला धुरकटपणा. नाही निवळली तर यीस्ट वगैरे असू शकतं, तळाचा गाळ ओतताना आत आला का तेपण बघा.

पण गढूळ म्हणजे वाईट असं नाही हां, इथंच नवीन लोक फसतात. वाइसबिअर (जर्मन गव्हाची बिअर) नि हेझी आयपीए (हॉप्स भरपूर असलेली धुरकट बिअर) ढगाळच पाहिजे, पण जर्मन पिल्सनर ही फिकी, नितळ बिअर धुरकट असली तर मार्क गेला. स्टाइलची, म्हणजे बिअरच्या त्या प्रकाराची, गाइडलाइन शेजारी उघडी ठेवा, स्वतःची आवड घरी.

रंगाचं माप एसआरएम, आकडा जितका मोठा तितकी बिअर गडद. २-३ म्हणजे गवती पिवळा, ५-६ सोनेरी, १०-१४ तांब्याकडं झुकणारा, ३० च्या पुढं काळा. जर्मन पिल्सनर २ ते ४, आयरिश स्टाउट ही काळी बिअर २५ ते ४०. रुंद ग्लासात तीच बिअर गडद दिसते, म्हणून सगळ्या बाटल्यांना एकसारखे पारदर्शक कप घ्या. काळ्या स्टाउटमागं मोबाइलचा टॉर्च धरला की कडेला लालसर झाक दिसते का ते कळतं.

शीटवर 'मस्त दिसतीय' लिहून बनवणाऱ्याला काही कळत नाही. 'सोनेरी, किंचित धुरकट, पांढरा फेस, मिनिटात गेला' असं लिहा. बाटलीच्या मानेला आतून रिंग दिसली तर नोंद करा, मार्क मात्र कापू नका, इन्फेक्शन असेल तर चवीत कळेलच.