इंग्रजीच्या तासाला व्हिडिओ लावता? मग या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. नववीच्या वर्गात ४७ मुलं-मुली आहेत. शाळेला मोठा टीव्ही मिळाला त्या वर्षी मी जवळजवळ रोज त्यावर काही ना काही लावत होते. कविता, व्याकरणाचे धडे, गोष्टी, सगळं झालं. वर्ग चिडीचूप बसायचा. येणारे-जाणारे दारातून डोकावून कौतुक करायचे आणि मलाही वाटायचं, छान चाललंय.

सहामाहीच्या तोंडी परीक्षेत मी विचारलं, "व्हॉट डिड यू डू यस्टर्डे?" एकामागून एक पोरं मान खाली घालून उभी राहिली. उत्तर माहीत नव्हतं असं नाही. तोंडातून निघत नव्हतं. चार महिने त्यांनी इंग्रजी पाहिलं होतं, ऐकलं होतं, पण बोलायला मी त्यांना वेळच दिला नव्हता. ज्या शांततेचं कौतुक होत होतं तीच चुकीची होती. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं: व्हिडिओ संपल्यावर वर्ग बोलला का?

वर्गात उभं राहून नेट शोधणं

आमच्याकडे नेटवर्क खिडकीजवळ एक कांडी आणि बाहेर कडुनिंबाखाली दोन. ३५ मिनिटांची तासिका, त्यातली दहा मिनिटं गोल फिरणाऱ्या चक्रीकडे बघण्यात गेली की वर्ग हातातून निसटतो, तो परत येत नाही. म्हणून वर्गात नेटवर काहीही उघडायचं नाही. जे दाखवायचं ते आदल्या संध्याकाळी उतरवून ठेवायचं. तालुक्याला जाणं झालं तर तिथे आठवडाभराचं एकदम उतरवून घ्या.

सरकारच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपमधला मजकूर उतरवून नंतर नेटशिवाय चालवता येतो. पुस्तकातला क्यूआर कोड फाटला असेल, शाई लागली असेल, तर त्याच्याखाली छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण ॲपमध्ये टाइप करा, तोच पाठ उघडतो. बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या गोष्टीही उतरवून घेता येतात.

मोबाइलची स्क्रीन वायफायने टीव्हीवर टाकण्याच्या नादी लागू नका. एचडीएमआय केबल किंवा पेनड्राइव्ह, बस. एक प्रत मोबाइलमध्येही ठेवा आणि छोटा स्पीकर चार्ज करून आणा. लाइट गेली तर चित्र जातं, आवाज तरी हातात राहतो.

दहा मिनिटांचा व्हिडिओ सलग दाखवणं

ही खरी चूक, म्हणून इथे जरा थांबते.

दहा मिनिटांत आपल्या मुलांच्या कानावर शेकडो इंग्रजी शब्द पडतात. पहिल्या मिनिटानंतर ती ऐकणं सोडून फक्त चित्र बघतात. त्यांचा दोष नाही, आपणही अनोळखी भाषेत तेच करतो. एक मिनिट पुरतं. कधीकधी ४० सेकंदही.

त्या एका मिनिटाचं काय करायचं? मला सगळ्यात उपयोगी पडलेली रीत सांगते. जोड्या करा. जोडीतल्या एकानं टीव्हीकडे तोंड करून बसायचं, दुसऱ्यानं पाठ करून. टीव्हीचा आवाज बंद. बघणाऱ्यानं जे दिसतंय ते इंग्रजीत सांगायचं, पाठमोऱ्यानं ऐकून वहीत शब्द लिहायचे. मग जागा बदलायच्या. शेवटी आवाज सुरू करून सगळ्यांनी एकदा बघायचं.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी कुठलाही परदेशी व्हिडिओ घेतला नव्हता. पोळ्याच्या दिवशी मी आमच्याच गावात मोबाइलवर ५० सेकंदांचं चित्रण केलं होतं. नाल्यावर बैल धुणारे लोक, शिंगांना रंग लावणारा एक म्हातारा, पाठीवर झूल टाकणारी पोरं. पडद्यावर स्वतःचं गाव दिसल्याबरोबर वर्गात जो गलका उठला, तो मी चार महिन्यांत ऐकला नव्हता. कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी पाठमोऱ्या मैत्रिणीला घाईघाईनं सांगत होती, "मॅन... बुलक... वॉशिंग!" वाक्य पुरं नव्हतं, पण सांगायची घाई होती. मी फळ्यावर फक्त 'ही इज' लिहिलं. तिनं ते बघितलं आणि जोडलं, "ही इज वॉशिंग द बुलक." मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, झुलीले इंग्रजीत काय म्हनते?" मी म्हटलं, "तूच सांग कसं सांगशील." थोडी कुजबुज झाली आणि उत्तर आलं, "क्लॉथ ऑन द बुलक्स बॅक." मला त्याहून चांगलं उत्तर नको होतं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमची पोरं वऱ्हाडीत म्हणतात, "तो शिंगाले रंग लावून राह्यला." 'लावून राह्यला', 'धुवून राह्यली', 'येऊन राह्यले' हे रूप इंग्रजीतल्या चालू वर्तमानकाळाला हात धरून नेतं. "आता, या क्षणी, चालू आहे" हा अर्थ त्यांच्या बोलीत आधीच पक्का बसलेला आहे. पुस्तकी मराठीतून काळ समजावण्यात मी वर्षानुवर्षं घालवली, तोच काळ बोलीतून एका तासात कळला. मुलांची बोली वर्गाबाहेर ठेवून इंग्रजीचा व्हिडिओ लावणं हीसुद्धा चूकच.

आवाज असलेली क्लिप असेल तर: एकदा नुसतं ऐकवा. दुसऱ्यांदा ऐकताना मुलांनी सुटे शब्द टिपायचे. मग जोडीनं त्या शब्दांवरून वाक्यं पुन्हा उभी करायची. तिसऱ्यांदा ऐकून तपासायचं. यात तासिका संपते आणि ती कारणी लागते.

पातळी न बघता निवडणं

बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सहा मिनिटांचा कार्यक्रम उत्तम आहे, सोबत लिखित संवादही मिळतो. पण तो मधल्या पातळीवर पोहोचलेल्यांसाठी आहे. आमच्या नववीला तो लावला तेव्हा एक पोट्टा म्हणाला, "मॅडम, थो लय जोऱ्यानं बोलते." वेग ०.७५ करून पाहिला, तर आवाज रेंगाळला आणि शब्द तितकेच अनोळखी राहिले. अडचण वेगाची नव्हती, शब्दांची होती.

ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश या संकेतस्थळावर ए१, ए२, बी१ अशा पातळ्या दिलेल्या असतात, ए१ सगळ्यात सोपी. आपल्या बहुतेक मुलांसाठी ए१ पासून सुरुवात करा, दहावी असली तरी. कमीपणा मानू नका. स्टोरीवीव्हरवर चार पातळ्या आहेत आणि एकच गोष्ट अनेकदा मराठीत व इंग्रजीत दोन्हीकडे मिळते. आधी मराठीत वाचू द्या, दुसऱ्या दिवशी इंग्रजीत. गोष्ट ठाऊक असली की शब्दांची भीती अर्धी होते. तिथे गोंडीतल्याही गोष्टी आहेत. केळापूर, झरी, एटापल्ली, भामरागडकडच्या शिक्षकांनी त्या आवर्जून बघाव्यात. तिथल्या कितीतरी मुलांना मराठीच दुसरी भाषा असते, इंग्रजी तिसरी.

उच्चार व्हिडिओवर सोपवून देणं

व्हिडिओ उच्चार ऐकवतो, मुलाचा उच्चार ऐकत नाही. ते काम आपलंच. आणि आपल्या मुलांच्या अडचणी ठरलेल्या आहेत, त्यासाठी जगभरचे धडे पालथे घालायची गरज नाही.

'शिप' आणि 'शीप' आपल्याकडे सारखेच होतात, कारण मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ आपण फारसं पाळत नाही. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' यांतही तेच. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात. छोटा आरसा आणून दाखवा. 'झू' म्हणताना 'झाड'मधल्या 'झ'च्या जवळ जायचं, 'जंप' म्हणताना 'जेवण'मधला 'ज'. आणि आघात: 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. हे मराठीत नाही, म्हणून टाळ्या वाजवून शिकवा.

ऑनलाइन शब्दकोशांत बहुधा ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन आवाज असतात. वर्षभर एकच धरा. व्हिडिओखाली आपोआप येणाऱ्या अक्षरांवर मात्र विसंबू नका, त्यांत चुका असतात आणि मुलं त्या वहीत उतरवतात.

मोबाइलचा सगळ्यात चांगला उपयोग इथे आहे. मुलाचं एक वाक्य रेकॉर्ड करा आणि त्यालाच ऐकवा. पहिल्यांदा लाजतात, दुसऱ्यांदा म्हणतात, "मॅडम, पुन्हा घ्या." वऱ्हाडी हेल आला तर येऊ द्या. हेलाला हसणाऱ्याला मात्र वर्गात तिथल्या तिथे थांबवा. एकदा हसू झालेलं पोर वर्षभर बोलत नाही.

गृहपाठ ग्रुपवर टाकून मोकळं होणं

व्हॉट्सॲपवर दुपारी चारला लिंक टाकली, म्हणजे मुलाला मिळाली असं नाही. घरात एकच चांगला फोन, तो बाबांसोबत वावरात. येतो रात्री आठला, तेव्हा चार्जिंग नसतं किंवा रिचार्ज संपलेला असतो. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आणि नंतर कापसाची वेचणी सुरू झाली की पोरंही वावरात असतात. त्या दिवसांत 'व्हिडिओ का पाहिला नाही' म्हणून रागावणं अन्याय आहे.

आता मी लिंक टाकतच नाही. माझ्या आवाजातली एक मिनिटाची ध्वनिफीत टाकते. ती कमी डेटात येते, उतरली की कितीदाही ऐकता येते. वर्गात वस्तीप्रमाणे गट केलेत, दर गटात फोन असलेलं एक घर. ज्यांच्याकडे तेही नाही त्यांना तोच मजकूर कागदावर. पेनड्राइव्हसाठी चांगल्या दर्जाचा व्हिडिओ कुणाकडून मागवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो आकसून धूसर येतो.

भाषांतर ॲप आणि एआयला उत्तर विचारणं

पोळ्यावर निबंध दिला होता. चार वह्यांत एकसारखं वाक्य: 'द पोळा ब्रोक.' 'पोळा फुटला' हे एका ॲपमधून जसंच्या तसं काढलेलं. मी रागावले नाही. ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "पोळा फुटला म्हणजे नेमकं काय होते रे?" मुलांनी तोरण, धावणारे बैल, घरोघरची पूजा असं सगळं सांगितलं, आणि त्यातून तीन साधी, खरी इंग्रजी वाक्यं तयार झाली. मशीननं काढलेलं वाक्य तपासायला द्या, लिहायला नको. एआयकडून प्रश्नपत्रिका करून घेत असाल तर पातळी, पाठ आणि शब्दसंख्या स्पष्ट सांगा आणि प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून बघा.

फुकट मिळणाऱ्या परदेशी वर्कशीटमध्ये बर्फ, सबवे आणि अमेरिकी स्पेलिंग असतं. नावं-गावं बदला, स्पेलिंग पाठ्यपुस्तकाशी जुळवा, मग वाटा.

एकेकाच्या हातात फोन लागणारे क्विझ आपल्याकडे चालत नाहीत. प्लिकर्स नावाच्या ॲपमध्ये मुलं छापलेलं कार्ड फिरवून उत्तर दाखवतात आणि शिक्षकाचा एकच फोन ती वाचतो. नेट मात्र लागतं, म्हणून तो प्रयोग नेटवर्क असलेल्या ठिकाणीच करा.

ऐन वेळी अडलं तर

आवाज येतो, चित्र येत नाही: टीव्हीला तो व्हिडिओचा प्रकार चालत नाही. एच२६४ या प्रकारातली एमपी४ फाइल घ्या. पेनड्राइव्ह दिसतच नसेल तर तो फॅट३२ या पद्धतीत फॉरमॅट करून पाहा, आधी आतलं सगळं दुसरीकडे ठेवून. या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर वापरा, वेग हवा तसा कमी करता येतो आणि नको असलेली जाहिरात मुलांसमोर येत नाही.

उन्हामुळे पडदा दिसत नसेल तर टीव्ही खिडकीच्या भिंतीलाच, खिडक्यांच्या मधोमध लावा, म्हणजे ऊन त्यावर पडत नाही. खिडक्यांना जुनी चादर. टिनाच्या छतावर पाऊस सुरू झाला की ऐकण्याचा तास तिथेच सोडा. त्या दिवशी आवाज बंद ठेवून चित्र, आणि मुलांनी लिहायचं.

मुलांचे बोलतानाचे व्हिडिओ करत असाल तर ते स्टेटसला किंवा चॅनेलवर टाकू नका. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. कायद्याच्याही आधी, अडखळणाऱ्या मुलीचं अडखळणं गावभर फिरू नये एवढं आपण बघायला हवं. मी सत्र संपलं की ते फोनमधून काढून टाकते.

आणि एक वही ठेवा. कुठली क्लिप, कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत, कुठल्या वर्गाला, किती मुलं बोलली, काय बिघडलं. पुढच्या वर्षी जूनच्या शेवटी शाळा उघडते तेव्हा तयारी अर्धी झालेली असते. माझ्या वहीत पोळ्याच्या क्लिपसमोर लिहिलेलं आहे: "३१ बोलले. तिसरी ओळ पाठमोरी बसवायची नाही, पुस्तकांच्या कपाटाच्या काचेत टीव्ही दिसतो."