घड्याळाच्या फर्मवेअरला (चिपमधल्या प्रोग्रॅमला) नीट झोपवायचं कसं

सीआर२०३२ या बटण सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. सरासरी १० मायक्रोअँपिअर खर्च ठेवला तर अडीच वर्षं निघतात. म्हणून मी ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर फक्त आरटीसी (वेळ मोजणारं छोटं सर्किट) चालू ठेवतो, मुख्य क्लॉक बंद करतो आणि मिनिटाला एकदाच जाग आणतो. सेकंद दाखवायची हौस असेल तर भोगा!

खरी गोम झोपायच्या क्षणी आहे. फ्लॅग (काम आलंय का सांगणारी खूण) तपासला, आणि डब्ल्यूएफआयच्या (इंटरप्ट येईपर्यंत झोप, या प्रोसेसरला दिलेल्या हुकमाच्या) आधीच बटणाचा इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारणारा सिग्नल) येऊन गेला, तर घड्याळ ढिम्म. कॉर्टेक्स-एम प्रोसेसरवर आधी प्रायमास्क या रजिस्टरने इंटरप्ट रोखा, फ्लॅग बघा, मगच डब्ल्यूएफआय द्या. रोखलेला इंटरप्टही प्रोसेसरला उठवतोच. उठल्यावर लगेच मास्क काढा.

चिपचे मोकळे सोडलेले पिन अ‍ॅनालॉग मोडमध्ये टाका. आणि करंट मोजताना डीबगर (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला जोडलेलं उपकरण) काढून ठेवा, नाहीतर आकडा फुगलेलाच दिसेल.